चौथी रेघ

दवाखान्यात रुजू झालो त्या दिवशी, कुणी माझं नाव विचारायच्या आधी, सिदूनानांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. मी कंपौंडर म्हणून आलो होतो, पलटणीत भरती व्हायला नव्हे. पण तो उंचापुरा, मिशाळ म्हातारा माझ्याकडं इतक्या गंभीरपणे बघत होता, की मी मुकाट्यानं टाचा जुळवल्या. भिंतीवर गेरूनं ओढलेल्या चार आडव्या रेघा होत्या. नानांनी वाकून सगळ्यांत वरची रेघ मला कुठं लागते ते पाहिलं. ती नेमकी गळ्याला लागत होती.

"बराबर हाय," नाना म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "कंपौंडर, पूर आला की तुमी माळ्यावर ऱ्हायाचं. खाली उतरायचं न्हाई."

बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि नदीत म्हैस धड बुडत नव्हती. माझी उंची चार फूट दहा इंच. तिच्यावरून लोकांनी मला जन्मभर छळलं आहे, पण पहिल्याच भेटीत मापं घेणारा हा पहिलाच.

ती लढाईची वर्षं. आमचा पत्र्याचा दवाखाना सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या अगदी काठावर होता. ज्यानं कुणी तो तिथं बांधला त्याला नदीकाठची हवा रोग्यांना मानवेल असं वाटलं असावं. चार-सहा वर्षांतून एकदा नदीच रोग्यांच्या समाचाराला आत येई. सिदूनाना तिथले शिपाई. गाव म्हसवडकडचं. म्हणजे जिथं घागरभर पाण्यासाठी बायका पहाटेपासून रांग धरतात त्या मुलखातला हा माणूस, आणि उठता-बसता त्याला पूर दिसायचा.

नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दवाखान्यातल्या प्रत्येक वस्तूवर गेरूच्या रेघा मारल्या होत्या. एक रेघ म्हणजे पाणी गुडघ्याला आलं की माळ्यावर न्यायची वस्तू, दोन म्हणजे कमरेला, तीन म्हणजे छातीला. कापसाचे गठ्ठे, रजिस्टरं, क्विनीनच्या बरण्या, बेडपॅन, सगळ्यांना ही नाममुद्रा. डॉक्टरांच्या हॅटीवरसुद्धा एक रेघ होती. हत्यारांच्या पितळी कोपऱ्यांच्या पेटीवर मात्र एकही नव्हती, कारण ती आभाळ भरून आलं की नाना स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवत. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

चार रेघांची वस्तू मला कधी सापडली नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "चौथ्या रेघंला सामान नसतंय. तवा निस्तं मानूस."

भिंतीवरच्या रेघांची आणखी एक गंमत होती. नाना सहा फुटी, पण गुडघ्याची रेघ त्यांच्या पोटरीला लागायची आणि गळ्याची छातीच्या खाली. डॉक्टर त्यावरून त्यांची खेचत. "सिदू, तुझा गळा पोटावर बसवलाय का रे देवानं?" नाना हसत नसत. किल्ल्यांचा जुडगा चाचपत आणि निघून जात.

कशाचंही वर्तमान आलं की नानांचा एकच प्रश्न असे, "कुठवर?" कुणी म्हणालं, कोयनेकडं पाऊस झाला, की "कुठवर?" रोगी म्हणाला, पायातून कळ जाते, तरी "कुठवर?" डॉक्टर एकदा पेपर वाचताना जर्मन पुढं सरकल्याचं बोलले, तर नाना झाडू टाकून दारात आले. "कुठवर आलं?" त्या दिवशी त्यांनी रजिस्टरं माळ्यावर चढवली.

सामान चढवायला त्यांनी तुळईला विहिरीची मोठी लोखंडी कप्पी टांगली होती. ती त्यांनी गावाकडून लोणंदपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं रेल्वेनं आणलेली. "आमच्या हिरीत पानीच न्हाई, कप्पी काय करायची?" असा त्यांचा हिशेब. दर शुक्रवारी दुपारी पुराची कवायत होई. चालता-फिरता प्रत्येक रोगी दोराला. एका शुक्रवारी घाईत त्यांनी ऑपरेशनचं टेबल ओढलं, त्यावर गळू कापायला आलेले एक पाटील पालथे निजलेले. टेबल दोन हात वर गेल्यावर पाटील शांतपणे म्हणाले, "आवं, माजं गळू खालीच कापलं तरी चालंल." डॉक्टरांनी कवायत बंद करायचा हुकूम दिला. पुढच्या शुक्रवारी ती डॉक्टर जेवायला गेल्यावर झाली.

मग डॉक्टरांचा मायक्रोस्कोप आला. लढाईमुळं अशी वस्तू मिळत नव्हती. डॉक्टरांनी कुठं कुठं खेटे घालून तो मिळवला होता आणि त्याला ते पोटच्या पोरासारखं जपत. नाना गेरूचं डबडं घेऊन गेले, तर डॉक्टर खवळले. "याला बोट लावशील तर याद राख." मायक्रोस्कोप त्यांच्या खोलीतल्या कपाटात कुलपात गेला आणि त्याच्यावर रेघ काही पडली नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी नदी आली. रोगी नानांनी उजाडायच्या आत देवळाच्या ओवरीत हलवले होते. राहिलो डॉक्टर, नाना आणि मी. त्या दिवशी मला त्या कवायतीची किंमत कळली. पहिली रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ, एका शब्दाचा गोंधळ नाही. कप्पी कुरकुरत होती आणि एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसत होती. ज्याची मी दोन वर्षं टिंगल केली, त्या माणसाचा मला अभिमान वाटला.

आम्ही तिघं माळ्यावर बसलो. गढूळ पाणी चौथ्या रेघेला टेकलं, आणि डॉक्टर एकदम उभे राहिले. मायक्रोस्कोप राहिला होता. ज्या वस्तूवर रेघ नाही तिची आठवण आम्हांला कुणालाच झाली नव्हती.

"कंपौंडर, तू पोहतोस ना?" डॉक्टरांनी किल्ली काढली. "समोरच्या खोलीत तर जायचंय."

मला विहिरीत पोहता येत होतं, आणि माझ्याकडं कुणी एवढ्या भरवशानं पाहिल्याची सवय नव्हती. किल्ली घेऊन मी शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात मागून नानांनी माझी कॉलर धरली.

"चौथ्या रेघंला लागलंय," ते म्हणाले.

"सोड त्याला," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर तू जा. तुला तर छातीलाही नाही पाणी."

नानांनी दुसऱ्या हातानं तुळई घट्ट धरली. म्हणाले, "मला न्हाई. मला न्हाई छातीला." एवढंच. पण कॉलर सुटली नाही. समोरच्या खोलीत कपाट आडवं झाल्याचा आवाज आला आणि डॉक्टरांनी डोकं धरलं. पाणी उतरेपर्यंत, संध्याकाळपर्यंत, नाना माझी कॉलर धरून बसले होते. माझं बटण तुटलं, तरी त्यांना कळलं नाही.

मायक्रोस्कोप चिखलात सापडला. भिंगं गेली होती. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा जीव त्या वस्तूत होता. साहेबाचा हुकूम मोडला, सरकारी वस्तूचा नाश झाला, असा कागद त्यांनी वर पाठवला. नानांची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी नाना चिखल धुतलेल्या भिंतीवर नव्यानं रेघा ओढत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "नाना, डॉक्टरांची माफी मागा. मी बरोबर येतो." माझा खांदा धरून त्यांनी मला पहिल्या दिवसासारखं भिंतीला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर तळवा आडवा ठेवला.

"हौसा हितवर यायची," ते म्हणाले. "माजी मालकीन. हितंच आया हुती. मागं आलेल्या पुरात म्या दारात हुबा हुतो. हत्यारांची पेटी आत ऱ्हायली हुती. ती म्हनली, आवं, पानी लय हाय. म्या म्हनलं, छातीलाबी न्हाई गं, जा, घिऊन यं." त्यांनी गेरूचं डबडं उचललं. "छातीला न्हवतं ते मला. तिला कुठवर आसंल, ते म्या इचारलंच न्हाई. पान्यात कवा वावरलोय आमी? तिसऱ्या दिशी उसात घावली. पेटी सोडली न्हवती तिनं."

मग त्यांनी माझ्या गळ्याजवळ बोट टेकलं आणि तिथून रेघ ओढली. सरळ, एका दमात.

डॉक्टर त्या पुरानंतर बदलून आलेले; मी धावत त्यांच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. दुसरा कागद पाठवला त्यांनी, पण पहिल्याचं काम होऊन गेलं होतं. नाना म्हसवडकडं गेले, जिथं कुणाच्या घोट्यालाही पाणी लागत नाही. कप्पी ठेवून गेले. मी पोहता येत नाही म्हणालो असतो, किल्लीला हात लावला नसता, तर ते राहिले असते, हे मला अजून खुपतं.

आता दर वैशाखात रेघा मीच ओढतो. टेप लागत नाही. भिंतीला पाठ लावतो, गळ्याशी बोट धरतो, बाजूला होतो. नवा शिपाई चांगला उंच आहे. त्यानं परवा हसत विचारलं, "ही रेघ कुनाच्या मापाची वो?"

"हौसाबाईंच्या," मी म्हणालो.

"त्या कोन?"

आभाळ भरून आलं होतं. मी त्याला आधी पेटी माळ्यावर ठेवायला लावली, मग सांगायला बसलो.