तीनशे बारा झाडं

"अहो, चार दिवस झाले मला सर्दी होऊन. एकदा तरी म्हणालात का, की अगं, जरा वाफ घे? आणि त्या माश्यांना मात्र वाफारा!"

माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलत होत्या आणि आबा परसात उभे राहून ऐकत नव्हते. त्यांना ऐकू येण्यासारखी परिस्थितीही नव्हती. तोंडावर दोन डबे लावलेला रबरी मुखवटा, डोळ्यांवर नेहमीच्या चष्म्यावरून चढवलेला दुसरा जाडजूड चष्मा, हातांत कोपरापर्यंत मोजे आणि डोक्यावर जाळीची टोपी. पायाशी मोटारीची बॅटरी, बॅटरीला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला लांब दांड्याची एक चपटी पळी. सूर्य मावळतीला टेकला होता आणि मधमाश्या पेटीत परतल्या होत्या.

आबांनी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. एखादा अनुस्वार सुटला तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. निवृत्तीनंतर त्यांनी मधमाश्यांची एक पेटी आणली, एकच, आणि तिच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावला. महिन्याभरापूर्वी त्यांना भिंगातून एका माशीच्या पाठीवर तांबूस ठिपका दिसला. ठिपका चालू लागला. ती कोळ्याच्या जातीची कीड होती. टाचणीच्या डोक्याएवढी ही कीड माशीला चिकटून तिला पोखरत राहते आणि बघता बघता सगळी पेटी ओस पडते. त्यावर उपाय एकच, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड पळीत तापवून तिची वाफ पेटीत सोडायची. माश्यांना ती सोसते, किडीला सोसत नाही. माणसाच्या छातीलाही सोसत नाही, म्हणून हा मुखवट्याचा अवतार.

यंत्र मित्राकडून आणलं होतं आणि बॅटरी शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या गाडीची. मास्तर म्हणाले होते, "न्या हो आबा, दोन मिनिटांचं तर काम!" काम खरंच अडीच मिनिटांचं होतं. पण कुठलीही गोष्ट एकदाच करून आबांचं कधी समाधान झालं नव्हतं. त्यांनी आधी पळीत पाणी घालून नऊ वेळा रंगीत तालीम केली.

तालमी संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की पेटीच्या तळाशी सरकवायची पांढरी पाटी जागेवर नाही. मेलेली कीड जाळीतून त्या पाटीवर पडते, मग ती मोजायची आणि औषध लागू पडलं की नाही ते ठरवायचं. पाटीशिवाय उपचार म्हणजे निकालाशिवाय परीक्षा. आबांनी मुखवटा वर केला.

"अगं, माझी पांढरी पाटी पाहिलीस?"

"फ्रिजखाली आहे. फ्रिज डुगडुगत होता."

"आता काढायची कशी?"

"फ्रिज रिकामा करा, तिरका धरा, पाटी काढा, फ्रिज परत भरा. मी सर्दीनं बेजार आहे."

आबांना सूनबाईचे शब्द आठवले. ती शहराच्या उद्यान खात्यात नकाशे काढायची. रविवारीच ती म्हणाली होती, "आबा, दारामागची गुंडाळी रद्दीची आहे हं. कागद लागला तर घ्या." हे खरंच होतं. मंगळवारी माईंनी ती गुंडाळी रद्दीत दिली, हेही खरं होतं. आणि आज, बुधवारी, सूनबाईनं उद्याच्या बैठकीचा पक्का नकाशा विसरायला नको म्हणून नेमका दारामागे उभा करून ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून जाऊन पडली. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. घरातले मोठे घोटाळे असेच होतात, प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं की.

आबांनी गुंडाळी उलगडली आणि त्यांचे डोळे चमकले. नकाशावर आडव्या-उभ्या बारीक रेघांच्या चौकटी होत्या. आडव्या क, ख, ग. उभ्या एक, दोन, तीन. मोजायला याहून सोयीचं काय असणार? कोरी बाजू खाली गेली, छापील वर आली. सहीशिक्क्याची खालची पट्टी मापात बसेना, ती त्यांनी न वाचता दुमडली. ज्या माणसानं आयुष्यभर तळटीपासुद्धा दोनदा वाचल्या, त्यानं हीच एक पट्टी वाचली नाही.

नकाशा कशाचा होता, ते मात्र त्यांना ठाऊक होतं. घरामागच्या मोकळ्या जागेचा. तिथं गुडघाभर रान माजलं होतं आणि त्या रानाच्या फुलांवर आबांच्या माश्या जगत होत्या. आता खातं तिथं बाग करणार होतं. सूनबाईनं आधी झाडंच झाडं काढली होती. तिच्या साहेबांनी ती खोडत खोडत बावीसवर आणली. उरलेल्या जागेत फरशी आणि गाड्या लावायची सोय.

"माश्या फरशी खातात का, विचार तुझ्या साहेबांना," आबा म्हणाले होते.

"आबा, माझी नोकरी अजून कायम नाही झाली. ते खोडतात, मी पुसते," असं म्हणून तिनं मान वळवली होती. तिचे डोळे भरलेले आबांना दिसले होते आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती. किडीतून वाचल्या तरी माश्या पुढच्या वर्षी उपाशी मरणार, हे दोघांनाही कळत होतं. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

वाफ मस्त झाली. ओल्या फडक्यानं बंद केलेल्या फटीतून पांढरा धूर डोकावला, आत जरा गुणगुण वाढली, मग शांत झाली. आबांनी बॅटरी पुसून परत नेऊन बसवली.

सकाळी सहाला कागद बाहेर आला आणि आबांचा ऊर भरून आला. तांबूस ठिपकेच ठिपके! मध्ये दाट, कडेला विरळ. त्यांनी चिमट्यानं मेणाचा कचरा वेचून काढला, भिंग लावलं आणि चौकटीमागून चौकट वहीत उतरवत गेले. तीन वेळा मोजलं. तीनशे बारा. पुरावा माईंना दाखवेपर्यंत उडून जाऊ नये, म्हणून त्यांनी पुस्तकांना घालायचं चिकट पारदर्शक प्लास्टिक वरून ताणून बसवलं. सुरकुती नाही, बुडबुडा नाही. मग दुमड सरळ केली, गुंडाळी दारामागे ठेवली आणि आंघोळीला गेले.

ते बाहेर आले तेव्हा दारामागे फक्त छत्री होती.

"अगं, इथली गुंडाळी?"

"सूनबाई घेऊन गेली. आज बैठक आहे ना तिची."

"तिची गुंडाळी नव्हती ती, रद्दी होती!"

"रद्दी मी मंगळवारीच दिली," माई म्हणाल्या आणि शिंकल्या.

आबांना आता सगळं कळलं. सुनेची नोकरी आणि तिच्यावर तीनशे बारा मेलेले किडे, तेही कायमचे चिकटवलेले! फोन लावला तर तिचा बंद. हाताला सापडला तो सदरा चढवून, वही तशीच हातात धरून ते रस्त्यावर धावले. मास्तर गाडीपाशीच होते. चालकाच्या जागी त्यांची विद्यार्थिनी बसली होती. ती निवृत्त परिचारिका होती आणि साठीत गाडी शिकायला निघाली होती.

"मास्तर, उद्यान खात्याच्या कचेरीत सोडा. सुनेचा प्रश्न आहे!"

"बसा की. बाईंनाही गर्दीचा सराव होईल."

पहिल्या चौकात बाईंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मास्तरांनी किल्ली फिरवली. गाडी दमेकऱ्यासारखी खोकली आणि गप्प झाली.

"कमाल आहे! बॅटरी मागच्याच महिन्यात बदलली."

आबा खिडकीबाहेर पाहू लागले. मागून भोंगे वाजायला लागले, तेव्हा ते निमूटपणे उतरले आणि धक्का मारू लागले. दुसऱ्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्यात आबा कुणी न सांगताच उतरले.

"आबा, तुम्हाला कसं कळलं, गाडी बंद पडणार म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, काल मी तुमच्या बॅटरीवर नऊ वेळा नुसतं पाणी तापवलं," धापा टाकत आबांनी कबुली दिली.

मास्तर काही बोलण्याआधी परिचारिकाबाईच म्हणाल्या, "आधी श्वास घ्या. मग ढकला."

कचेरीच्या बैठकीच्या खोलीचं दार आबांनी उघडलं, तेव्हा व्हायला नको ते होऊन गेलं होतं. नकाशा भिंतीवर लागला होता आणि दिव्याखाली झकास चकाकत होता. सूनबाई हातातली मोजपट्टी छातीशी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. साहेब घाम पुसत होते. आणि बागा मंजूर करणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई नकाशाला नाक लावून ठिपके बघत होत्या.

"मागच्या बैठकीत बावीस झाडं म्हणाला होतात," त्या साहेबांना म्हणाल्या. "हे काय आहे?"

"ते… ती छपाईची चूक आहे, बाई."

दारात उभ्या असलेल्या आबांच्या काळजात कळ आली. आपण कशासाठी आलो आहोत, तेच ते विसरले.

"छपाईची चूक नाही ही!" ते गरजले. "छपाईच्या चुका मी छत्तीस वर्षं पाहिल्यात. शाई सांडली की डाग एकसारखे पडतात. इथं एकेक ठिपका वेगळा आहे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. "हे माझे सासरे," सूनबाई कशीबशी म्हणाली.

"मग काय आहे हे? किती आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काय आहे, ते सांगायला आबांनी तोंड उघडलं. पण दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर हातातच होतं, त्यामुळे तेच आधी बाहेर पडलं. "एकूण तीनशे बारा. क-चारमध्ये अकरा, क-पाचमध्ये सतरा, ख-चारमध्ये तेवीस…"

"चौकटीवार यादी आहे?" अध्यक्षबाई चकित झाल्या. "या खात्यात चौकटीवार यादी मी पहिल्यांदाच बघतेय. आणि हे गाड्यांच्या जागेवर?"

"तिथं एक्केचाळीस."

"स्वच्छतागृहाच्या दारातसुद्धा तीन?"

"तिथं तीनच पडले."

"पडले?"

"म्हणजे… वाट्याला आले," आबा म्हणाले आणि त्यांनी वहीत नाक खुपसलं.

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "खाली सही तुमचीच आहे ना? की तुम्ही न बघताच सही करता?"

न बघता सही केली म्हणावं तर तोंडावर आलेल्या बढतीला मुकणं आलं. बघून केली म्हणावं तर ही तीनशे बारा कार्टी पदरात घ्यावी लागत होती. साहेब जुने मुरलेले होते. त्यांनी रुमाल खिशात घातला.

"बघूनच केली, बाई. दाट झाडी ही मूळ कल्पना माझीच. मध्ये घनदाट, कडेला विरळ. नैसर्गिक वाटतं."

सूनबाईच्या हातातली मोजपट्टी खाली पडली.

"मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "स्वच्छतागृहासमोरची तीन जरा बाजूला घ्या."

बाकीचे चहाला उठले. अध्यक्षबाई मात्र नकाशापाशीच थांबल्या आणि त्यांनी आबांना बोटानं जवळ बोलावलं. सूनबाईही मागोमाग आली.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "क-चारमधल्या या झाडाला पाय आहेत."

झालं. आबांनी सुनेकडे पाहिलं. खोटं बोलावं असं त्यांना मनापासून वाटलं, पण सवय नव्हती.

"बाई, पाय सगळ्यांनाच आहेत. प्रत्येकी आठ. माझ्या मधमाश्यांवरची कीड आहे ती. हिचा काही दोष नाही, हिला ठाऊकसुद्धा नव्हतं. काय करायचं ते मला करा."

"पाय मला आल्या आल्या दिसले. चष्मा नवा आहे माझा." अध्यक्षबाई नकाशावरून नजर न काढता म्हणाल्या, "तीन वर्षं मी इथे फरशा मंजूर करतेय. आज पहिल्यांदा या भिंतीवर काहीतरी जिवंत दिसलं."

"मेलेत ते, बाई," आबांना राहवलं नाही. "कालच्या वाफेनं."

अध्यक्षबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की दाराशी पोचलेल्या साहेबांचा चहा बशीत सांडला. मग डोळे पुसत त्यांनी पर्स उघडली, पेन काढलं आणि सूनबाईच्या हातात दिलं.

"मेले ते बरं झालं. आता कामाचं बोला. तीनशे बारा खड्डे तर मंजूर झाले. तुमच्या माश्यांना काय काय चालतं, ते सांगा. ही लिहून घेईल."

छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलेल्या माणसाला आज कुणीतरी मजकूर सांगायला सांगत होतं. बराच वेळ त्यांना एकाही झाडाचं नाव आठवेना. सूनबाई पेन उघडून, आबांच्याच वहीचं कोरं पान समोर धरून थांबली होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"आबा, सांगा ना," ती म्हणाली. "सावकाश सांगा. या वेळी कुणी खोडणार नाही."