अनुभवी खिळे

सेतुमामा नवा खिळा विकत घेत नाहीत. "नव्या खिळ्याला काय अनुभव, पा?" असं विचारतात, आणि जुना वाकडा खिळा दगडावर ठेवून सरळ ठोकायला बसतात. निम्मे मोडतात. मोडलेलेही डब्यात जपून ठेवले जातात.

मी साताऱ्याचा. शोळिंगनल्लूरला आयटीत नोकरी करतो आणि चेन्नईत मामांच्या माडीवर भाड्याने राहतो. मामा तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, सत्तरीचे. बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी फार सहानुभूतीने विचारलं, "तुमच्या गावीं अस्के असंच बोलतात कां?" अस्के म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं, त्यामुळे तेव्हा राग आला नाही.

मागच्या बागेत, नारळाखाली, त्यांची पट्टरै आहे. पट्टरै म्हणजे तमिळमध्ये वर्कशॉप. एन्नोरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मामा गल्लीतल्या मोडक्या वस्तू तिथे दुरुस्त करतात, तेही फुकट. फक्त वस्तू परत मिळत नाही. मी दिलेलं स्टूल सहा महिने आत होतं. विचारायला गेलं की मामा बाहेर येत, दार मागे ओढून घेत, खोक्यावर बसवून कॉफी पाजत, तासभर गप्पा मारत आणि शेवटी गुरुवारचा वायदा करत, "सरस वाळला नाहीं. बृहस्पतवारी ये." समोरच्या कामाक्षी मामींचा टेबलफॅन तर दोन उन्हाळे आत होता. फॅनला सरस कुठे लावतात, हे विचारून मामी थकल्या होत्या.

मग पट्टरैच्या पुढच्या फळ्यांना वाळवी लागली. मामा एकदम खूश! पाडल्या जाणाऱ्या घरांपुढे ताटकळत त्यांनी वर्षानुवर्षं माल जमवला होता. नुंगंबाक्कमच्या एका बंगल्याचं सागवानी दार, कुठल्याशा दवाखान्याची 'चपला बाहेर' अशी पाटी असलेली जाळी, आणि एका बंद पडलेल्या थिएटरची तिकीटखिडकी, हात घालायच्या अर्धगोल भोकासकट. "अस्क्यांना अनुभव आहे," मामा म्हणाले. अट एकच. काम ते एकट्याने करणार, एक फळी काढली की तिच्या जागी लगेच काहीतरी बसवणार, मगच दुसरी काढणार.

मला हा शुद्ध हट्टीपणा वाटला. एका शनिवारी मामा भाजीला गेले तेव्हा मी परोपकाराच्या भरात पहार घेतली. एक फळी उपटली, तर बाकीच्या तिच्या पाठोपाठ आपणहून आल्या. सगळा दर्शनी भाग भुईसपाट झाला. आवाज ऐकून कामाक्षी मामी धावत आल्या.

आत सगळं तयार होतं. माझं स्टूल पॉलिश होऊन उभं. शेजारी मिक्सर, छत्र्या, कुणाचं तरी देवघर, सगळ्यांवरची धूळ पुसलेली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, तिच्यावर मालकाचं नाव आणि दुरुस्त झाल्याची तारीख. माझं स्टूल दिल्यापासून तिसऱ्या दिवशीच झालं होतं. मामींनी फॅनचा प्लग लावला. फॅन गरगर फिरला.

वळून बघतो तो मागे मामा, हातात भाजीची पिशवी.

"तयार आहे सांगितलों की घेऊन जातात, पा," ते हळूच म्हणाले. "मग कोण येतो?"

मला माझीच लाज वाटली. मामींनी फॅन उचलला आणि घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली, आणि जो तो हसत येऊन आपली वस्तू घेऊन गेला. मामांनी माझं स्टूलही माडीवर आणून ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस बागेत कुणी फिरकलं नाही. मामा एकटेच दार बसवत होते, जाळी ठोकत होते. मी मदतीला गेलो तर "नको" म्हणाले. कॉफीचं विचारलं नाही. एका संध्याकाळी तर त्यांनी दुकानातून चक्क नव्या खिळ्यांचं पुडकं आणलं.

काम पुरं झालं त्या रविवारी मी स्टूल घेऊन खाली उतरलो. तिकीटखिडकीमागे मामा रिकामे बसले होते. मी भोकाशी वाकलो.

"मामा, पाय हलतोय याचा."

ते बाहेर आले, स्टूल जमिनीवर ठेवून दाबलं, त्यावर बसून पाहिलं. स्टूल तसूभरही हललं नाही. त्यांनी ते उचलून काखेत घेतलं.

"हलतो की," ते म्हणाले. "फार हलतो. बृहस्पतवारी ये."

मी बाजूला झालो. माझ्या मागे कामाक्षी मामी नंबर लावून उभ्या होत्या, फॅन कडेवर घेऊन.