सासूबाईंचा कायमचा फोटो

सकाळचा चहा घेता घेता सासूबाईंनी जाहीर केलं, "आज माझा देव्हाऱ्यातला फोटो काढायचा."

माणूस गेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात, उदबत्त्यांच्या मागे जो फोटो कायमचा बसतो, तो. ह्वे शहरातल्या बायका हातपाय धड आहेत तोवरच हे काम उरकून घेतात. सासूबाई दानांगला थोरल्या मुलाकडे राहायच्या. लेकीकडे आल्या होत्या त्या एवढ्यासाठीच. फोटो झाला की परत जाणार होत्या. जावई थुआन त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

"चौकातल्या स्टुडिओत जाऊ या ना, आई," त्याची बायको हाओ म्हणाली.

"त्या मेल्याकडे? तो आपलं डोकं कापून दुसरीच्याच धडावर चिकटवतो. वान्हबाईंचा फोटो बघितलास? नवरा उदबत्ती हातात घेऊन विचारतोय, ह्या कोण म्हणून!"

इथे थुआनने गप्प बसायला हवं होतं. पण त्याने नुकताच सायगॉनहून एक कॅमेरा आणला होता. जुना, पण जपानहून आलेला. "शिकाऊ माणसाला झेपणार नाही, धंदेवाल्याला पुरणार नाही, तुमच्यासाठी अगदी बेताचा," असं दुकानदार म्हणाला होता. आतल्या सगळ्या सूचना जपानीत होत्या आणि दुसरी भाषा त्यात नव्हतीच, हे थुआनला घरी आल्यावर कळलं.

"मी काढतो की, आई," तो म्हणाला.

सासूबाई निळा मखमली आओ-झाय, म्हणजे सणासुदीचा लांब झगा, घालून, मोत्यांची माळ लेवून कोरीव खुर्चीत बसल्या. चेहरा असा केला की नातवंडांनी पुढची पन्नास वर्षं वचकून राहावं. थुआनने बटण दाबलं. फोटो आला, पण पिवळाधमक.

"हे काय? लोकांना वाटेल कावीळ होऊन गेले!"

रंग सुधारायची सोय कुठेतरी आत असणार. पण जपानी वाचणार कोण? हाओने शेजारच्या लामकाकांना बोलावलं. लामकाकांनी उभी हयात जपानी राइस कुकर विकण्यात घालवली होती.

"आण इकडे. जपान्याचं डोकं मला ठाऊक आहे," काका म्हणाले आणि त्यांनी दिसेल ते दाबायला सुरुवात केली. नट आवळायच्या पान्याचं चित्र असलेल्या पानावर गेले, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. काहीतरी पीकपीक वाजत होतं, ते बंद झालं. मग त्यांनी एका ओळीवर 'होय' केलं आणि म्हणाले, "झालं. रंग आता फर्स्टक्लास."

रंग खरंच सुधारला होता, हे नंतर कळलं. पण आता थुआनने बटण दाबलं की नुसतं 'खट्' व्हायचं, आणि भिंगातून बघावं तर आत मिट्ट काळोख. फोटोचा पत्ता नाही.

"बिघडवलात, काका!"

"मी? मी हात तरी जोरात लावला का?"

थुआनने कॅमेरा खाली केला, हताशपणे पुन्हा बटण दाबलं. पुन्हा 'खट्'. आणि पडद्यावर फोटो उमटला: फरशी, आणि काकांच्या पायाचा अंगठा.

मग तासभर असंच चाललं. सासूबाई श्वास रोखून बसायच्या, 'खट्' झालं की सुटकेचा निःश्वास टाकून बोलायला लागायच्या. थुआन वैतागून पुन्हा दाबायचा, आणि नेमका तेव्हा फोटो निघायचा. एकात त्या हाओला रागावत होत्या, एकात मानेवरचा डास मारत होत्या, एकात तोंडाचा नुसता आ होता.

"हा ठेवायचा का देव्हाऱ्यात?" सासूबाई कडाडल्या. "पितर उठून जातील!"

आयुष्यात आपल्याला एक गोष्ट धड जमली नाही, आणि ते आता देव्हाऱ्यात टांगून राहणार, असं थुआनला वाटू लागलं.

शेवटी हाओच्या लक्षात आलं. "अहो, दोनदा दाबावं लागतंय त्याला! पहिल्यांदा नुसतं आतलं काहीतरी उचललं जातंय, फोटो दुसऱ्यांदा निघतोय."

"आई, दुसऱ्या खट्पर्यंत हलू नका."

"मला मेलीला मोजत बसवा आता," असं म्हणत त्या बसल्या. खट्. कोणी हललं नाही. खट्.

आणि काय फोटो आला होता! करारी डोळे, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू. हाओच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "हं. आता जायला मोकळी झाले." त्या खोलीत कपडे बदलायला गेल्या. थुआनने मनातल्या मनात दानांगच्या गाडीचं तिकीटही काढलं.

"थांब, हा फोटो आधी जपून ठेवू," लामकाका म्हणाले. "चुकून पुसला-बिसला जायचा." ते पुन्हा पान्याच्या पानावर गेले. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि खाली दोन चौकोन.

"काय म्हणतोय?" थुआनने विचारलं.

"विचारतोय, नक्की जपू का?"

"मग सांगा ना, हो म्हणून."

काकांनी हो म्हणून सांगितलं. एक छोटी पट्टी सरसर भरत गेली. मग पडदा स्वच्छ झाला. करारी डोळे नाहीत, डास नाही, काकांचा अंगठासुद्धा नाही.

"कुकरमध्ये असं कधी झालं नव्हतं," काका पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

सासूबाई साधे कपडे घालून बाहेर आल्या. थुआनने मान खाली घालून सगळं सांगितलं. आता आकाश कोसळणार म्हणून हाओने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सासूबाई शांतपणे बसल्या. कॅमेऱ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, दारातून सटकणाऱ्या काकांकडे पाहिलं. आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मला एवढ्यात मरून चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "फोटोशिवाय तुम्ही टांगणार काय?"

"मी उद्याच काढतो ना, आई! अगदी सकाळी!"

"घाई नको. हात बसू दे तुझा. पाच वर्षं लागोत, सात लागोत, मी आहे इथेच." त्यांनी लेकीला हाक मारली. "हाओ, दादाला फोन करून सांग, माझे कपडे पाठवून दे म्हणावं. उन्हाळ्याचेही आणि हिवाळ्याचेही."