आजा कशानं गेला?

आमच्या शेजारचे रावसाहेबतात्या नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. रामराम झाला की पहिला प्रश्न, "आवं, तुमचा आजा कशानं गेला?"

समोरचा गडबडतो. तात्या गडबडत नाहीत. "आन् बा? हाय का? मग शुगर असंल!"

तात्या साखर कारखान्यात ऊसबेणं तपासायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर कराडला कुणाचं तरी डीएनएवरचं व्याख्यान ऐकून आले आणि पलूसमधल्या आमच्या गल्लीची शांतता संपली. त्यांच्या मते माणूस म्हणजे ऊस. पहिली लागण जोमदार, मग तोडणीनंतर फुटलेला खोडवा, मग तिसऱ्या खेपेचा निडवा. त्याच बुडख्यातून पुन्हा पुन्हा फुटायचं म्हटल्यावर पीक बारीक पडणारच. "पेशीचं बी तसंच, गड्या. डीएनएची नक्कल करून करून चुका साठत्यात. तेच म्हातारपण."

इथवर ठीक. पण सकाळी सकाळी कुंपणावरून "मास्तर, तुमचा निडवा चालू झाला" असं ओरडायचं? मी त्रेपन्न वर्षांचा आहे. केस काळे आहेत. म्हणजे, करतो.

बायकोचे गुडघे दुखायला लागले, तर मलम सुचवायचं सोडून हा माणूस विचारतो, "तुमच्या आईचं दुखायचं का?" दुखायचे. "मग! डीएनए सोडतोय व्हय?" बायकोनं त्यांचा चहा आठवडाभर बंद केला. ते पाणी पिऊन बसायचे.

अशा माणसाला मुलीच्या लग्नाच्या बैठकीला कोण बोलावेल? मीही बोलावलं नव्हतं. माझ्या अनुजानं आणि कराडच्या रोहननं एकमेकांना पसंत केलं होतं, मोठ्यांनी बसून सुपारी फोडायची तेवढी बाकी. पण पाहुणे गाडीतून उतरायला आणि तात्या कडक इस्त्रीची टोपी घालून आमची पायरी चढायला एकच गाठ पडली. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "पाया पडतो तात्या, आज आजोबांचा विषय नको."

"न्हाई काढत."

पोह्यांची बशी अर्धी व्हायच्या आत काढला. "पाव्हणं, आजा कशानं गेला?"

मुलाचे मामा छताकडे बघायला लागले. रोहनच सरळ बोलला, "हार्ट अटॅक. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. वडील पन्नासाव्या."

माझ्या बायकोचा हात बशीवरच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, त्या बघण्याचा अर्थ 'नको' असा होता. रोहनच्या आईनं मान खाली घातली. दारात उभ्या अनुजाचा चेहरा मला बघवेना. तात्यांचा गळा आताच आवळावा की पाहुणे गेल्यावर, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता.

"माझा आजा बेचाळिसाव्या वर्षी गेला," तात्या म्हणाले. "बा एक्केचाळिसाव्या. असाच, छाती धरून. मला उंब्रजची पोरगी सांगून आली हुती. लय आवडली हुती. पर म्हनलं, कशाला तिचं कपाळ पांढरं करायचं? नको म्हनून कळवलं. आन् बसलो मरायची वाट बघत. चाळिशी गेली, पन्नाशी गेली, साठी गेली. आता त्र्याहत्तरावं चालू हाय."

आम्हांला हसावं की काय करावं कळेना. ते मात्र हसले.

"डीएनएत धोका लिवल्याला असतो, मरायची तारीख न्हाई. हे मला लय उशिरा कळलं. पोरा, दरसाल तपासणी कर, तंबाखूला शिवू नकोस. आन् मास्तर, बघताय काय? द्या पोरगी."

माझ्या बायकोनं रोहनच्या आईकडं बघितलं, आणि उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मी हळूच विचारलं, "तात्या, त्या उंब्रजच्या बाई...?"

"हाय की. तिथंच दिली तिला. तिच्या ल्योकाला दरसाल बेणं निवडून द्याया जातो मी. पडवीत बसतो. सून च्या आणून देती."

"आणि त्या?"

"ती आत असती." तात्यांनी टोपी नीट केली. "बांगड्या वाजत्यात आतनं. तेवढं ऐकतो आन् येतो."