रविवारचं मरण

“दातांचा डॉक्टर मरणार. आणि मी? मी जगणार,” टॉर्किल बुटाच्या वादीला म्हणाला.

बोलणं फक्त वादीसाठी होतं, पण तागाच्या तंबूत गुपित टिकत नाही. बाहेर चुलीपाशी जवाची लापशी ढवळत बसलेल्या त्याच्या बायकोने, बोडिलने, ते नीट ऐकलं आणि पळी तशीच फिरवत ठेवली.

“जगण्यात वाईट काय आहे रे?”

“तुला नाही कळायचं. तू रडणारी. रडणाऱ्याला काय, कुणीही मेलं तरी चालतं.”

हेल्गोरच्या खाडीकाठी दर जुलैत व्हायकिंगांची जत्रा भरते. शिक्षक, सुतार, विमा कचेरीतले कारकून अशी दोन-अडीचशे माणसं मनगटावरची घड्याळं काढून ठेवतात, हाताने शिवलेले अंगरखे चढवतात, हजार वर्षं मागे जातात आणि मातीच्या पेल्यातून चोरून कॉफी पितात. शनिवारी आणि रविवारी दुपारी कुरणावर लढाई होते. लढाईच्या शेवटी लाल झग्यातला सरदार पडतो. बायका त्याच्यावर ओणव्या होऊन शोक करतात, मग त्याला ढालींवर उचलून कुरणाला फेरी घालतात, आणि दोरीपलीकडचे प्रेक्षक आपणहून टोप्या काढतात. सतरा वर्षं हा सरदार टॉर्किल होता. वर्षाचे उरलेले दिवस तो शाळेची बस चालवायचा, पण ते त्याच्या मते पोटापुरतं.

टॉर्किलच्या मरणाचं नाव होतं. कुऱ्हाड बसली की तो आधी नुसता चकित व्हायचा, भलत्याचंच पत्र आपल्या हाती आल्यासारखा. मग एक गुडघा. मग तलवार जमिनीत रोवून खाडीकडे एक नजर. मग एक वाक्य, अर्धंच. आणि मग कुशीवर असा कलायचा की दाढी बरोबर प्रेक्षकांकडे यायची. ती कुऱ्हाड प्रेबेनची असे. प्रेबेन गावचा पोस्टमन आणि टॉर्किलचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या कुणाच्या हातून टॉर्किलने मरण पत्करलंच नसतं. आणि शोक बोडिलचा.

मे महिन्याच्या बैठकीत व्हिबेकेने यादी वाचली. लढाई बसवण्याचं काम तिच्याकडे. वाचनालयात नोकरी, त्यामुळे आवाज हळू, पण शब्द अखेरचा. “सरदार, आस्गर,” ती म्हणाली. “नव्या माणसांना संधी द्यायला हवी.” यावर सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. आस्गर दातांचा डॉक्टर, दोनच वर्षांपूर्वी मंडळात आलेला, उंच, आणि इतका सभ्य की त्याचा राग करायला टॉर्किलला सकाळी लवकर उठावं लागे.

टॉर्किल फेब्रुवारीत नऊ दिवस इस्पितळात होता. तो त्याला ‘ती चक्कर’ म्हणायचा. बाकीचे काहीच म्हणायचे नाहीत. फक्त त्याच्या ताटातून खारवलेल्या मांसाचा तुकडा नाहीसा व्हायला लागला होता, आणि तो लाकडाच्या मोळीकडे वळला की मोळी कुणीतरी आधीच उचललेली असायची. टॉर्किलने या सगळ्याची बेरीज केली आणि उत्तर एकच आलं: डॉक्टरने सगळ्यांना फितवलंय.

शुक्रवारी तालीम झाली. टॉर्किलला निशाण दिलं होतं. बारा हात लांब काठी धरून जिंकणाऱ्या बाजूच्या मागे उभं राहायचं, आणि शेवटपर्यंत जिवंत. तिथून त्याला सगळं दिसत होतं. प्रेबेनची कुऱ्हाड उठली, आस्गरच्या खांद्यावर टेकली, आस्गर सरळ खाली आला, एखादं कपाट लोटून द्यावं तसा. टॉर्किलच्या जिवाला जरा बरं वाटलं. तेवढ्यात बोडिल पुढे झाली, आस्गरचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडली. नुसता गळा काढला नाही, रडली. नाक लाल झालं. हुंदका अडकला. शेजारच्या दोघी शोक करायचं विसरून तिच्याकडे बघत बसल्या.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा तो म्हणाला, “बरंच रडलीस.”

“कामच आहे माझं.”

“माझ्या वेळी नाक लाल व्हायचं नाही.”

“तुझ्या वेळी तू एक डोळा किलकिला करून बघायचास, मी रडते की नाही. मुकादम उभा असल्यावर कोण रडेल?”

“त्याचं मरण मरण तरी आहे का? कपाट पडतं ते.”

“मग कपाटावर रडले. तू भाकरी खा.”

त्याने भाकरी घेतली आणि प्रेबेनच्या तंबूकडे गेला. प्रेबेन कुऱ्हाडीची बोथट धार आणखी बोथट करत होता.

“त्याला खांद्यावर मारलंस.”

“हो.”

“मला बरगडीत मारायचास.”

“तो उंच आहे, टॉर्किल.”

“सतरा वर्षांचे संबंध, आणि उंचीवर भाळलास.”

 प्रेबेनने घडवंचीखालून मधाच्या दारूचा बुधला काढला, टॉर्किलकडे पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि बुधला परत आत सारला. दारूसुद्धा आता डॉक्टरसाठी राखून ठेवतायत, टॉर्किल मनात म्हणाला.

त्यात भर म्हणजे आस्गर स्वतःच वाटेत भेटला. “टॉर्किल, एक विचारू? आधी गुडघा की आधी तलवार? तुझ्यासारखं काही जमत नाही मला.”

“आधी तोंड मिट,” टॉर्किल म्हणाला. “इतके पांढरे दात असलेला सरदार या खाडीत कधी झाला नाही.”

शनिवारी दुपारी लढाईचं शिंग वाजलं आणि दोन्हीकडून पहिले बाण सुटले. बाणांना पुढे रबराची बोंडं असतात, आणि त्यातला एक टॉर्किलच्या चार हात डावीकडून गवतात जाऊन पडला. टॉर्किल चकित झाला. एक गुडघा टेकला. तलवार नव्हती म्हणून निशाणच जमिनीत रोवलं, खाडीकडे पाहिलं, “माझ्या मुलांना सांगा की...” एवढं बोलला आणि निशाणासकट कुशीवर कलंडला.

आता जत्रेचा नियम असा की घाव लागला की नाही हे ज्याला लागला तोच ठरवणार. त्याच्या इमानावर शंका घ्यायची नाही. आणि दुसरा नियम असा की निशाण पडलं की ती बाजू हरली. जिंकणाऱ्या बाजूची सत्तर माणसं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली आणि मग नियमाप्रमाणे पळाली. हरायला आलेली बाजू जिंकली. त्यांना जिंकल्यावर काय करतात ते माहीत नव्हतं, त्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. लाल झग्यातला आस्गर कुणी मारायला येतंय का म्हणून मैदानभर हिंडला आणि शेवटी गवतात बसला. लढाई चार मिनिटांत आटोपली. पाऊण तासाच्या हिशेबाने चटया पसरून बसलेले प्रेक्षक उठले आणि फाटकाबाहेरच्या सॉसेजवाल्याकडे गेले.

“टॉर्किल, तो बाण तुला लागला नव्हता,” व्हिबेके त्यांच्या चुलीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाली.

“माझ्या इमानावर शंका? लागला की नाही ते मी सांगणार. नियम तूच लिहिलायस.”

“तुला या वर्षी मरायचं नाहीये.”

“का?”

व्हिबेकेने तोंड उघडलं. प्रेबेन खोकला. बोडिल एकदम चुलीतली राख बघायला वाकली, चूल पेटवलेली नसताना. “कारण यादीत नाही,” व्हिबेके म्हणाली.

मग पंचमंडळ बसलं आणि रविवारी टॉर्किलचं काय करायचं यावर खल झाला. निशाण तर नकोच. कुणी म्हणालं, शिंग फुंकू दे त्याला. “फुंकायचं नाही,” बोडिल पटकन म्हणाली. कुणी म्हणालं, कैद्यांवर पहारा. पण कैदी पळताना पहारेकऱ्याला मारतात, मग तो हटकून मरणार. शेवटी व्हिबेकेनेच तोड काढली. टॉर्किल तहाचा दूत. पांढरी ढाल घेऊन लढाईआधी दोन्ही सैन्यांच्या मधून चालत जायचं, तह मोडला असं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. पांढऱ्या ढालीला कुणी शस्त्र लावायचं नाही. हजार वर्षांपूर्वी लावत नसत, आताही नाही.

“म्हणजे मला मारायला बंदी,” टॉर्किल म्हणाला.

“मान आहे तो,” व्हिबेके म्हणाली.

रविवारी आदल्या दिवसाची बातमी फिरल्यामुळे दुप्पट गर्दी होती. टॉर्किलने पांढरी ढाल घेऊन तह मोडल्याचं जाहीर केलं आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला झाला. तिथे तो अर्धा तास उभा राहिला. ढालींची भिंत ढालींच्या भिंतीवर आदळली, माणसं पडली, लाल झगा मागे हटत हटत बरोबर त्या जागी आला जिथे सतरा वर्षं टॉर्किलच्या गुडघ्याने गवत दाबलं होतं. समोरून प्रेबेन निघाला. बायकांच्या घोळक्यात बोडिलने डोक्यावरचा रुमाल सोडला. तिचं नाक आत्तापासूनच लाल होतं. मेला नाही अजून तो, आणि हिचं सुरू झालं. टॉर्किलचे पाय आपोआप चालू लागले.

तो पांढरी ढाल घेऊन सरळ प्रेबेन आणि आस्गरच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

कुऱ्हाड वर गेली होती. ती तिथेच थांबली.

“मार,” टॉर्किल दाढीतल्या दाढीत म्हणाला.

“बाजूला हो. पांढरी ढाल आहे तुझी.”

टॉर्किलने ढाल टाकून दिली. “आता मार.”

“नाही मारत.”

“सतरा वर्षं मारलंस. हात दुखतो का आता?”

“टॉर्किल, लोक बघतायत.”

“त्यासाठीच म्हणतोय.”

प्रेबेनने कुऱ्हाड खाली घेतली आणि पाठीमागे धरली, लहान मुलं खाऊ लपवतात तशी. मागून आस्गर नम्रपणे म्हणाला, “मी काय करू? पडू का?”

“तू पडायचं नाहीस,” टॉर्किल म्हणाला. आणि कुणी मारत नाही म्हटल्यावर तो आपला आपणच पडला.

या वेळी गुडघा नाही, तलवार नाही, अर्धं वाक्य नाही. भांडणाच्या भरात तो ते सगळं विसरला होता. सरळ खाली आला. पण एकदा पडल्यावर त्याने ठरवलं की आता असं मरून दाखवायचं की कपाटाला लाज वाटली पाहिजे. दोन्ही डोळे घट्ट मिटले. श्वास रोखला. गालावरून मुंगी चालली, चालू दिली. आजवर एवढं उत्तम प्रेत त्याने केलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं.

आधी आजूबाजूच्या ढाली थांबल्या. मग कुऱ्हाड गवतात पडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी धावलं. प्रेबेन “टॉर्किल, टॉर्किल” म्हणत होता, पोस्टमनच्या आवाजात, सैनिकाच्या नाही. पाठोपाठ मैदानभर पडलेले मेलेले लोक उठून धावत येऊ लागले, दोन्ही बाजूंचे. शिंग वाजल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नाही हा नियम, पण सगळेच उठले. त्याच्या मानेवर गार बोटं टेकली. आस्गरची. हा माणूस मेलेल्याचेसुद्धा दात बघणार, असं टॉर्किलला वाटलं, आणि त्याने श्वास आणखी घट्ट धरला. दोरीपलीकडून टाळ्या वाजू लागल्या. इतकं खरं कधी बघितलं नव्हतं, असं बाईमाणसं एकमेकींना सांगत होती.

मग त्याच्या छातीवर दोन तळवे एकावर एक आले. वर्षानुवर्षं कणीक मळून घट्ट झालेले, ओळखीचे. त्यांनी एकदा दाबलं, आणि दाबलं ते नाटकातलं नव्हतं. टॉर्किलचा रोखलेला श्वास सगळा बाहेर आला.

“अगं बरगडी मोडशील,” तो म्हणाला आणि डोळे उघडले.

वर चाळीसेक चेहरे होते. शिरस्त्राणं काढलेली. व्हिबेकेने तोंडावर हात धरला होता. प्रेबेनच्या दाढीतून पाणी खाली येत होतं. ते पुसायलासुद्धा त्याला सुचत नव्हतं. बोडिलचे तळवे त्याच्या छातीवर तसेच होते, आणि ती रडत नव्हती. अजिबात नाही. चेहरा पांढराफटक, ओठ मिटलेले.

“मेलेल्याला उठवायचं नाही, हा नियम आहे,” टॉर्किल जरा खालच्या आवाजात म्हणाला. “काय झालं काय सगळ्यांना? घाव नसताना पडलो म्हणून? आणि मला काढायचं कारण तरी सांगायचंत ना. मे महिन्यापासून नुसते पाय बघताय.”

 आस्गरने लाल झगा काढून टॉर्किलच्या अंगावर घातला आणि मागे सरकला. पलीकडे टाळ्या थांबत नव्हत्या.

“फेब्रुवारीत चक्कर आली नव्हती तुला,” बोडिल म्हणाली. आवाज इतका साधा होता, जणू मीठ मागतेय. “तू मेला होतास, टॉर्किल. स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना. ना आरोळी, ना गुडघा, ना खाडीकडे नजर. इतकं वाईट मरण मी कुणाचं बघितलं नाही. गाडी येईपर्यंत मी छाती दाबत होते, रडायला सवड कुठे होती. ते त्या बिचाऱ्या आस्गरवर रडून घेतलं.”