खिडकी चुकली

गभणेभाऊंनी माझ्याकडे पहिल्यांदा चिकटपट्टी मागितली तेव्हा मी विचारलं, "कुठं लागलं?" ते म्हणाले, "मले नाही, मशीनले." आणि खिशातून कॅल्क्युलेटर काढून टेबलावर ठेवला.

मी जवाहरनगरच्या दवाखान्यात नर्स आहे. माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गभणेभाऊ राहतात. फॅक्टरीत चार्जमन. वहिनी गावी, एकोडीला असतात, धानाची शेती आणि सासूबाई सांभाळतात. इकडे भाऊ एकटे, आणि हे मशीन. साधं बेरीज-वजाबाकीचं नव्हे. त्यात समीकरण टाकून बटण दाबलं की छोट्या पडद्यावर रेघ उमटते. सरळ, वाकडी, नाहीतर टेकडीसारखी.

त्या पडद्याच्या वरच्या भागावर भाऊंनी पट्टी लावून घेतली. त्यामुळे त्यांच्या मशीनमधल्या सगळ्या टेकड्यांचे शेंडे कापलेले असतात. भाऊंची तक्रार नाही.

पट्टीचं कारण पिल्लई. पिल्लई आणि भाऊ फॅक्टरीच्या बसमध्ये कायम एका बाकावर बसायचे. मशीन दोघांनी मिळून घेतलेलं. खेळ असा, की एकानं समीकरण टाकायचं, ते लपवायचं आणि दुसऱ्याला फक्त रेघ दाखवायची. रेघ पाहून त्यानं समीकरण ओळखायचं. ओळखेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. हा नियम त्यांनी इतका पाळला, की कधीकधी ड्यूटीवरही खाणाखुणांनी काम चाले. नव्या साहेबांना वाटलं, यांचं भांडण आहे. त्यांनी समेट करायला दोघांना चहाला बोलावलं. दोघंही चहा पिऊन गप्प परत आले.

पिल्लई निवृत्त होऊन केरळला गेले. जाताना मशीन भाऊंच्या हातात दिलं, पहिल्या ओळीत एक शेवटचं समीकरण टाकून. भाऊंनी ग्राफचं बटण दाबलं. पडदा कोरा.

"रेघ हाये सिस्टर," भाऊंनी मला समजावलं. "खिडकी चुकली."

खिडकी म्हणजे पडद्यावर दिसणारा तुकडा. कागद अफाट पसरलेला असतो आणि मशीन त्यातला हातभर दाखवतं. रेघ दुसरीकडून जात असली तर दिसत नाही. मग आकडे बदलून खिडकी सरकवायची. समीकरणांची यादी त्याच पडद्यावर उघडते, ती वाचायचा मोह नको म्हणून पहिल्या ओळीवर पट्टी. त्याला आता दुसरा पावसाळा लागला होता.

या खिडकीनं भाऊंनी मला वात आणला आहे. माझी चप्पल सापडत नव्हती तर, "चप्पल हाये, खिडकी चुकली." सिलेंडर आला नाही तर, "सिलेंडर निंगला हाये, तुमची खिडकी चुकली." मी म्हटलं, "भाऊ, सिलेंडर खिडकीतून येत नाही." तर हसले.

दारात येईल त्याला भाऊ पट्टीखालच्या ओळीत समीकरण टाकायला लावतात. सिलेंडरवाल्यानं घाईत स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. त्याची आडवी रेघ इतक्या वर गेली, की ती शोधण्यात भाऊंची अख्खी संध्याकाळ आनंदात गेली. "एवढ्या उंचीवर कोनी जाते का!" म्हणून ते दोनदा मला सांगून गेले. मी टाकायला गेले की मशीन कुरकुरतं, कारण त्यात वजाची दोन बटणं आहेत. भाऊ सांगतात, "हा मायनस वजा कराले. अन् हा मायनस जलमाचा." म्हणजे आकडा मुळातच ऋण असेल तर.

एकदा मी सरळ विचारलं, "त्या पिल्लईंना फोन करा ना. कसे आहेत ते तरी कळेल."

"काहून करू? रेघ सापडली नाही अजून."

"म्हणजे तेव्हापासून बोललाच नाही?"

"नियम हाये सिस्टर," भाऊ म्हणाले आणि मशीन पुसायला लागले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

परवा पट्टीची कड सुटली म्हणून भाऊ दवाखान्यात आले. मशीन चालू करून समीकरणांच्या यादीवर आणून ठेवलं. "बरोबर पहिल्या ओळीवर बसली पाहिजे. डोळे मिटून लावा."

"डोळे मिटून मी इंजेक्शनसुद्धा देत नाही. तुम्हीच तिकडं पाहा."

भाऊ हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जुनी पट्टी सोलली. पहिली ओळ रिकामी होती.

मी नवी पट्टी लावली आणि विचारलं, "भाऊ, याचे सेल कधी काढले होते का?"

"काढतो न. धानाच्या रोवणीले गावी गेलो का काढून ठेवतो. सेल पाझरते."

"मग परत टाकल्यावर मशीन काही म्हणालं नाही?"

"म्हटलं असन. तिथं तं पट्टी होती."

सेल काढल्यावर मशीन सगळं विसरलं होतं. आणि ते तसं लिहून सांगत होतं, तेही पट्टीखाली. भाऊ इतके दिवस नसलेली रेघ शोधत होते, आणि सापडेपर्यंत फोन करणार नव्हते.

एरवी मी तोंडावर सांगून मोकळी होते. पण तो पाठमोरा माणूस पाहून म्हटलं, आधी पिल्लईंशी बोलू. मिसेस पिल्लई शुगरच्या गोळ्यांचं विचारायला मला अजून फोन करतात. मी त्यांना लावला आणि पिल्लईंना द्यायला सांगितलं.

"गभणे ठीक है न, सिस्टर?" त्यांनी आधी तेच विचारलं.

मी सगळं सांगितलं. "कौन सा डाला था, याद है?"

"नहीं. कुछ मुश्किल था. जाते-जाते घमंड में डाल दिया." मग म्हणाले, "अब आसान वाला डालो."

"कितना आसान?"

"जो आप भी पहचान लो."

दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हटलं, "काल पट्टी वाकडी बसली, आणा मशीन." ते पुन्हा भिंतीकडे वळले. मी पिल्लईंनी सांगितलेलं टाकलं, एक्स अधिक पंचवीस. त्यात वजा नव्हतं, देवाची कृपा.

संध्याकाळी भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले. मी तांदूळ निवडत होते. बटणांचा आवाज चालला होता, तो थांबला. नेहमीसारखं "सापडली!" ओरडतील म्हणून मी कान दिला. ते उठले. आत गेले. आंघोळीच्या पाण्याचा आवाज आला. मग इस्त्रीचा शर्ट घालून, ओल्या केसांचा भांग पाडून परत खुर्चीत बसले आणि फोन लावला.

हॅलो नाही, कसा आहेस नाही. भाऊ म्हणाले, "एक्स प्लस पच्चीस."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. भाऊंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतना आसान? बुढ्ढा हो गया क्या बे?" आणि जे बोलत सुटले ते थांबेनात.

त्यांच्या स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. मी मागच्या दारानं जाऊन गॅस बंद केला, शेगडी पुसली. भाऊंना पत्ता नव्हता. ते एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं हवेत रेघ ओढून दाखवत होते, केरळातल्या माणसाला, ती नेमकी कुठून निघाली आणि कशी वर गेली ते.