बाहेरून सहासष्ट, आतून अडुसष्ट

मुलांनो, एक तळघर डोळ्यांसमोर आणा. वेळ दुपारची, पण इथे ऊन पोचत नाही. वर एकच ट्यूबलाइट, तीही सारखी डोळे मिचकावणारी. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी डोक्यावरून ओढून गाड्याच गाड्या झोपलेल्या. मधोमध दोनच जाग्या. एक लाल, बुटकी, आत्ता झेप घेईल अशी दबा धरलेली. दुसरी काळी, एका खोलीएवढी! आता त्या दोघींच्या मध्ये वही-पेन्सिल घेतलेली नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. तिला घरात ‘बटण’ म्हणत. तिचे आजोबा शिंपी, आणि ही कायम त्यांच्या सदऱ्याला चिकटलेली.

“कंपनीची मापं मला नका सांगू!” आजोबांनी गळ्यातली टेप सरसावली. “पस्तीस वर्षं मापं घेतोय. माझं माप चुकलं म्हणणारा अजून जन्माला यायचाय!”

“घ्या की,” गाडी विकणारे टायवाले काका म्हणाले. “गाडीला काही गुदगुल्या होत नाहीत.”

आई मात्र हसली नाही. “बाबा, नीट घ्या हं. काळी गाडी आपल्या गल्लीत वळणार नाही. आणि लालमध्ये तुमचा पाय मावला नाही, तर आत्याकडे मी आणि बटणच जाऊ.”

आजोबांचा उजवा गुडघा चार वर्षं वाकत नव्हता. बसमध्ये बसता येत नाही म्हणून चार वर्षं त्यांनी सख्ख्या बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. तिला द्यायचं शिलाई मशीन तेलपाणी करून तयार होतं. ते मागच्या सीटवर जाणार होतं. प्रश्न फक्त पायाचा. ताठ पायाला पुढे बेचाळीस इंच हवेत, हे आईने घरीच मोजलं होतं.

आजोबा लाल गाडीजवळ गेले आणि टक्! दिवे आपोआप लागले. मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे बाहेर आले.

“हे कुणी केलं?” बटण आईमागे सरकली.

“कुणीच नाही,” काका म्हणाले. “कुणी जवळ आलं की ती जागी होते.”

टेप साठ इंचांची, म्हणून बाहेरची रुंदी दोन तुकड्यांत मोजली. “लिही, तेहेतीस. आणि तेहेतीस.” सहासष्ट झाले.

मग आजोबा आत वाकले. मध्ये सीटांचे उंचवटे, त्यामुळे आतली रुंदी पाच तुकड्यांत. “दारापासून सीट, सहा. सीट, तेवीस. मधली फट, दहा. दुसरी सीट, तेवीस. पुन्हा दार, सहा.”

बटणने बेरीज केली. मग बोटांवर केली.

“आजोबा, अडुसष्ट.”

“बरोबर.”

“बाहेरून सहासष्ट आहे.”

“बरो... काय?”

काकांनी मोबाइलवर बेरीज केली. अडुसष्ट! गाडी बाहेरून होती त्यापेक्षा आतून दोन इंच मोठी होती. आतले ते दोन इंच आले कुठून? आणि ते होते तरी कुठे? ट्यूबलाइटने एकदा डोळा मारला.

मग काळी गाडी मोजली. तिची मागची सीट सलग सपाट, एका दमात माप आलं: त्रेसष्ट. म्हणजे या धिप्पाड गाडीच्या पोटापेक्षा त्या चिमुरडीचं पोट मोठं!

काकांनी टाय सैल केला. “खरं सांगू का, ही लाल तीन महिने इथेच पडून आहे. बघायला येतो तो माणूस परत दिसतच नाही.”

“आतच राहतो?” बटणने विचारलं.

“अगं, घरी जातो!” काका म्हणाले, पण दोन पावलं मागे सरकून.

तेवढ्यात गाडीतून एक बाई गोड आवाजात बोलली, “दरवाजा उघडा आहे.”

चौघेही उडाले! आजोबा तर चक्क म्हणाले, “हो बाई, लावतो!”

पण लावण्याआधी त्यांनी पायाची जागा मोजलीच. “त्रेचाळीस! मावतो पाय! हीच घेऊ!”

“असल्या गाडीत मी बसणार नाही,” आई म्हणाली. “चला घरी.”

आजोबांचा चेहरा पंक्चर झाला. ते बटणला बघवेना. डोळे घट्ट मिटून ती गाडीत शिरली. “आजोबा, परत मोजा. मी टेप बघते.”

आजोबांनी मधल्या फटीवर टेप धरली. त्यांचा अंगठा सातावर होता. तोंडातून आलं, “दहा!”

बटण टेपवर आणखी वाकली. सीटवर अंगठा विसावर, आणि तोंडात तेवीस! आजोबांच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलत होतं.

“आजोबा,” ती कुजबुजली, “हे तीन कुणाचे?”

“कसले तीन?”

“अंगठा सातावर आहे. तुम्ही दहा म्हणता.”

आजोबांनी अंगठ्याकडे पाहिलं. त्यांचे कान गाडीसारखे लाल झाले. “अगं... सदऱ्याला तीन इंच सैल सोडावे लागतात, नाहीतर माणसाला श्वास घेता येत नाही. आत म्हटलं की तोंड आपोआप तीन वाढवून बोलतं! म्हणून तर साठच्या टेपवर त्रेसष्ट निघाले!”

“आणि बाहेरून?”

“दोन्ही तुकड्यांतला अर्धा अर्धा इंच शिलाईत गेला असणार...”

आई पोट धरून हसली. काका हसता हसता गाडीवर रेलले, तशी गाडीच जोरात बोंबलली आणि ते थेट एका चादरीत गुंतले!

बटणही हसत होती. मग तिची नजर वहीवर गेली. त्रेचाळीसमधून तीन गेले, राहिले चाळीस. पाय बेचाळीसचा.

आजोबांनीही ते पाहिलं होतं. ते टेप हळूहळू गुंडाळत म्हणाले, “असू दे गं. मशीन तेवढं सांभाळून न्या. तिला सांगा, मी मजेत आहे.”

बटण पुढच्या सीटखाली वाकली, चाचपडली, एक दांडी सापडली ती ओढली आणि सगळा जोर लावून सीट मागे ढकलली. खर्रर्र!

“बसा.”

आजोबा बसले. पाय पुढे पसरला. अंगठा हलवून पाहिला. कुठेच लागला नाही.

मग बटण मागे गेली. आजोबांच्या पाठीमागे आता घडी केलेला सदरा मावेल एवढी जागा उरली होती, आणि शेजारची जागा मशीनची. ती कडेकडेने आत शिरली, गुडघे कानांशी घेतले आणि दार ओढून घेतलं.

“बटण, तुला जागा आहे ना गं?” आईने विचारलं.

“ऐसपैस!” गुडघ्यांमागून आवाज आला.